अण्णांची पाठ आज कुणी पाहिली?

अगं, काल फोनवर तू मला सगळं सांगितलंस. खुब्याचं हाड कुठे मोडलंय, सर्जन कोण आहेत, बॉल बदलणार की रॉड घालणार, विम्याचे किती मंजूर झाले, रात्री कोण थांबणार. तुझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या पाठीबद्दल मात्र एक अक्षर नाही. त्यात तुझं काही चुकलं असं नाही. घरातलं वडीलधारं माणूस पडलं की सगळ्यांचं लक्ष मोडलेल्या हाडाकडेच असतं. पण हाड जुळवायला सर्जन आहेत. पाठ सांभाळायला घरचं माणूस लागतं, आणि ते काम ऑपरेशननंतर सुरू होत नाही. अण्णा न्हाणीघराच्या दारात पडले तेव्हापासूनच ते सुरू झालंय.

माझी सगळी नोकरी इथे हैदराबादेतल्या दवाखान्यांच्या वॉर्डांत गेली. म्हणून थोरल्या बहिणीच्या हक्काने बोलते, आणि थोडं स्पष्ट बोलते.

बेडसोर म्हणजे वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं दुखणं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. तसं नाही. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याचं मांस हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा अडतो, आणि काही तासांतच आतलं मांस मरायला लागू शकतं. आतलं म्हणतेय मी, लक्षात घे. पुष्कळदा नुकसान हाडालगत, खोलवर सुरू होतं आणि वरची कातडी दोन-तीन दिवस शाबूत दिसते. मग एक दिवस माकडहाडाच्या वर जांभळा डाग उमटतो, तो काळपट होतो, फुटतो, आणि घरचे म्हणतात, ‘कालपर्यंत तर काहीच नव्हतं हो!’ होतं. दिसत नव्हतं, इतकंच.

तो डाग कुठे सुरू झाला असेल याचा विचार कर. म्हातारं माणूस घरात पडतं, फरशीवर तासभर तसंच असतं. मग अँब्युलन्स, मग कॅज्युअल्टीतली अरुंद स्ट्रेचर, तिच्यावर बोटभर जाडीची रेक्झिनची गादी. एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, बेड मिळेपर्यंतची वाट. त्यात लघवी झाली तर धोतर ओलंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑपरेशन टेबल, तिथे भूल दिलेली, म्हणजे दुखलं तरी कळणार नाही. एवढ्या प्रवासात कुणीही ‘पाठीखाली हात घालून बघू’ म्हणत नाही. म्हणून खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं या जखमांच्या बाबतीत सगळ्यात नाजूक असतात. अण्णांना त्यावर पुन्हा मधुमेह आहे, आणि अंगावर मांस कसलं ते नाहीच.

तेव्हा आज संध्याकाळी दवाखान्यात गेलीस की पहिलं काम पाठ बघायचं.

आता तू गप्प होशील, ते मला माहीत आहे. सासऱ्यांची पाठ कशी बघायची? पाठ एक वेळ ठीक, पण मी ज्या जागेबद्दल बोलतेय ती कमरेच्या खाली आहे. काचीगुडा, बडीचावडी, सुलतानबाजार इथल्या आपल्या जुन्या मराठी घरांमधून मी हे फार पाहिलंय. सून रात्रभर उशाशी बसेल, भात कालवून भरवेल, पाय चेपेल, पण चादर बाजूला करणार नाही. मुलगा करेल म्हणावं तर त्यालाही अवघड वाटतं. आणि स्वतः अण्णा? ज्यांनी जन्मभर सुनेसमोर सदरा घातल्याशिवाय चहा घेतला नाही, ते तुला तिथे बघू देतील? ते म्हणतील, ‘काही होत नाही मला, तू जा घरी.’ या संकोचाचा मला आदर आहे. तो वाईट नाही. पण त्याच्या आड जखम वाढते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून वाट काढायची. नवऱ्याला किंवा दिराला सांग, हे काम रोजचं तुमचं. सकाळी स्पंजिंगच्या वेळी सिस्टर किंवा वॉर्डबॉय अण्णांना वळवतात, तेव्हा मुलाने बाहेर कॉफी प्यायला न जाता तिथे उभं राहायचं आणि नीट बघायचं. कुणीच नसेल तर तू बघ. अण्णांना आधी सांग: ‘अण्णा, पाठीला जखम होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज बघायला सांगितलंय, मी फक्त तेवढीच जागा बघणार, बाकी चादर असेल.’ पडदा ओढ, खरंच तेवढीच जागा उघडी कर, आणि लगेच झाक. माणसाची लाज जपली की ते दुसऱ्या दिवशी विरोध करत नाही.

काय बघायचं ते ऐक. कमरेखालचा सपाट भाग, माकडहाड, दोन्ही खुबे, दोन्ही टाचा, घोट्यांची बाहेरची हाडं, कोपरं, खवाटे, डोक्याची मागची बाजू. आणि ज्या जागा कुणाच्या ध्यानात येत नाहीत त्याही: ऑक्सिजनची नळी कानामागे जिथे रुतते ती खाच, मास्क असेल तर नाकाचं हाड, रायल्स ट्यूब असेल तर नाकपुडीची कड, आणि मांडीखाली सापडलेली लघवीची नळी. ती नळी मांडीवरून न्यायची, मांडीखालून कधीच नाही.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की लालसर डाग बघा. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. आपल्या सावळ्या अंगावर ती दिसेलच असं नाही. आपल्याकडे तो डाग आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट किंवा निळसर वाटतो, कधी रंग अजिबात बदलत नाही. म्हणून डोळ्यांइतकाच हाताचा उपयोग कर. बोटांच्या मागच्या बाजूने चाचपून बघ: ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, गार आहे का, टणक लागते का, की पिळपिळीत? अण्णांना विचार, इथे दुखतंय का. आणि डाग दिसलाच तर बोटाने तीन सेकंद दाबून सोड. दाबल्यावर फिकट होऊन पुन्हा रंग आला तर रक्त अजून फिरतंय, दाब काढला की ती जागा सावरू शकते. दाबूनही रंग तसाच राहिला, तर ती जखमेची पहिली पायरी आहे, कातडी फाटलेली नसली तरी. त्याच क्षणी सिस्टरना दाखवायचं, दुसऱ्या दिवशीच्या राऊंडची वाट बघायची नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा असेल तर अण्णांना विचारून काढ, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस.

आता मुख्य काम. कूस बदलणं.

ऑपरेशनआधी पायाला ट्रॅक्शन असेल, तर अण्णांना तू मनाने वळवायचं नाहीस. सर्जनना सरळ विचार, ‘किती वळवलेलं चालेल, कुठल्या बाजूला?’ ऑपरेशननंतरही हेच. बॉल बदलला असेल तर पाय एकमेकांवर येऊ द्यायचे नसतात, मध्ये उशी लागते. हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. उलट, विचारणाऱ्या नातेवाइकांना नीट उत्तर मिळतं, आणि वळवणं केसपेपरवर लिहिलं जातं. एकदा लिहिलं गेलं की रात्रपाळीची सिस्टरही ते करते.

वळवायचं कसं, ते एकदा नीट समजून घे, कारण चुकीच्या वळवण्याने कातडी सोलते. एकट्याने ओढायचं नाही. पेशंटखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुहेरी घडीची एक आडवी चादर असू दे. दोघं दोन बाजूंना उभे राहा. चादरीच्या कडा अंगालगत गुंडाळून घट्ट धरा, तळहात वर. एकाने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं, आणि तीनला दोघांनी मिळून उचलायचं. घासत ओढायचं नाही, उचलायचं. आधी थोडं आपल्याकडे सरकवायचं, मग पलीकडे कलवायचं. पूर्ण नव्वद अंशाच्या कुशीवर नाही, कारण मग सगळं वजन खुब्याच्या टोकदार हाडावर येतं. पाठीच्या मागे, खांद्यापासून कमरेपर्यंत, लांब उशी खोचायची, म्हणजे माणूस साधारण तीस अंशांत कलतं राहतं. दोन्ही गुडघ्यांमध्ये दुसरी उशी. मग कमरेखाली हात सरकवून बघायचं. हात सहज गेला, म्हणजे तो सपाट भाग गादीवरून सुटलाय. हात अडकला तर उशी अजून आत. शेवटी चादरीवरून हात फिरवायचा: सुरकुती, बिस्किटाचा चुरा, सुईचं झाकण, काहीही खाली राहता कामा नये. एकदा तर मला एका आजींच्या पाठीखाली जपमाळ सापडली होती, आणि मण्यांचे ठसे अंगावर उठले होते.

दुसरा हात म्हणून वॉर्डातल्या आयाम्माला बोलव; तिच्याशी बोलायला तेलुगू येत नाही म्हणून अडू नकोस. ‘पक्ककु तिप्पंडी’ एवढं म्हटलं की ती समजते, कुशीवर वळवा. ‘रेंडु गंटलकोसारी’ म्हणजे दर दोन तासांनी. नाहीतर आपली दक्खिनी आहेच, ‘अम्मा, जरा करवट बदलाना है’ म्हटलं की हैदराबादेत कुणीही हात लावायला येतं. तिला नावाने हाक मार, काम झालं की दोन शब्द चांगले बोल. नुसती नोट पुढे करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

दोन तास हा आकडा कुठून आला, असं विचारशील. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या दवाखान्यात लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोवर असे पेशंट बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने दगावणार, हे धरूनच चालायचे. गुटमाननी रात्रंदिवस दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला लावली. पुढे डोरीन नॉर्टन या नर्सने वृद्धांच्या वॉर्डांचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये जोखीम मोजायची पहिली मोजपट्टी दिली. अलीकडे, २०१३ मध्ये, अमेरिका-कॅनडातल्या वृद्धनिवासांत चांगल्या दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवून बघितलं, तर फारसा फरक आढळला नाही. पण ती माणसं कालच ऑपरेशन झालेली नव्हती. अण्णांसाठी तू दोन तासच धर. कातडी चांगली राहतेय असं दिसलं, तर रात्रीचं अंतर वाढवायचं का, ते सिस्टरना विचारून ठरवू.

अरुणा शानबाग आठवते ना तुला? मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, आणि ती पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या वॉर्ड नंबर ४ मध्ये पडून होती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली, तेव्हा ६६ वर्षांची होती. दयामरणाच्या खटल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांचं पथक तिला तपासायला पाठवलं होतं. ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात त्यांचं निरीक्षण नोंदलेलं आहे: कातडी चांगल्या स्थितीत, बेडसोर नाही, आणि जुना बेडसोर भरून आल्याची खूणही नाही. सदतीस वर्षांनंतर! त्या निकालावर आपल्याकडे कितीतरी वाद झाले. आम्हा नर्सेसच्या मनात मात्र ते एक वाक्य घर करून राहिलं. हात-पाय आखडलेली, स्वतःहून कूस न बदलणारी बाई, आणि केईएमच्या सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या तरी कुठलीच पाळी तिला विसरली नाही. कुणी मला ‘वय झालं की बेडसोर व्हायचाच’ म्हणालं, की मी अरुणाचं नाव घेते. अगदी शेवटच्या आजारात, रक्ताभिसरणच कोसळलेलं असताना, कधी कधी सगळं करूनही जखम होते, हे मी नाकारत नाही. पण अण्णांची गोष्ट ती नाही. अण्णांची जखम टाळता येण्यासारखी आहे.

आता टाचा. टाचेवर मांस नाहीच, कातडी आणि हाड. खुब्याच्या पेशंटमध्ये सगळे ऑपरेशनच्या पायाकडे बघतात आणि मी दुसऱ्या पायाची टाच बघते. का, सांगते. माणूस बेडवर खाली घसरलं की चांगला पाय गादीत रोवून स्वतःला वर ढकलतं. दिवसातून कितीदा तरी. प्रत्येक वेळी त्या टाचेची कातडी चादरीवर घासते. आधी पाण्याचा फोड येतो, मग काळं पडतं. मधुमेहात पायाची जाणीव बोथट झालेली असते, त्यामुळे अण्णा कुरकुरणारही नाहीत. उपाय सोपा आहे: घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पोटरीखाली लांब मऊ उशी, आणि टाचा तिच्या कडेबाहेर अधांतरी. टाच आणि गादी यांच्यामधून वर्तमानपत्राचा कागद सरकला पाहिजे. उशी फक्त घोट्याखाली ठेवायची नाही, मग भार तिथे येतो. टाचेवर काळी, कोरडी, घट्ट खपली दिसलीच तर ती नखाने उचकटायची नाही. दाखवायची आणि तशीच ठेवायची.

बेडचं डोकं वर करण्याबद्दलही सांगायलाच हवं, कारण प्रेमापोटी सगळे तेच करतात. भेटायला कुणी आलं की, ‘अण्णा, बसून बोला’ म्हणून क्रँक फिरवायची. माणूस हळूहळू खाली घसरतं. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळल्या जातात. या ओढाताणीने होणारं नुकसान नुसत्या दाबापेक्षा वाईट. म्हणून आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा उचलायचा, मगच डोकं. जेवताना आणि जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास बसवायलाच हवं, नाहीतर ठसका लागून अन्न छातीत जाईल. त्यानंतर मात्र तीस अंशांवर किंवा त्याहून खाली. खुर्चीत बसवायला फिजिओथेरपिस्ट सांगतील, ते फार चांगलं, पण खुर्चीतसुद्धा दोन-दोन तास सोडून द्यायचं नाही. बसल्या जागी दाब आडव्यापेक्षा जास्त येतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी जरा पुढे वाकवायचं, एका बाजूला कलवायचं.

गादीचं विचारलंस. कोठी भागातल्या सर्जिकलच्या दुकानांत गेलीस की दुकानदार तुझ्यासमोर तीन-चार प्रकार ठेवेल. वॉटर बेड म्हणून विकतात ती पाण्याची पिशवी माझ्या मनाला फारशी पटत नाही. जड, गळकी, आणि पाणी कमी-जास्त भरलं की उपयोग शून्य. पंप असलेला एअर बेड घे, ज्यातले कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात. भाड्यानेही मिळतो. आधी दवाखान्यात आहे का विचार, पुष्कळ ठिकाणी असतो. पंप अण्णांच्या वजनाप्रमाणे लावायचा, आणि वर एकच पातळ सुती चादर. त्यावर रेक्झिन, त्यावर गोधडी, त्यावर डायपरशीट असे थर चढवले की गादी असून नसल्यासारखी. आणि एअर बेड आणला म्हणून वळवणं बंद करायचं नाही. हे मी दहादा सांगेन, कारण तो पंप घुरघुरायला लागला की घरचे निर्धास्त होतात.

हवेची गोल रिंग घेऊ नकोस. दुकानदार आग्रह करेल, मध्ये भोक असतं म्हणून सोयीची वाटते. तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त उलट अडतं. आणि लाल झालेल्या जागेवर तेल लावून चोळू नकोस. आपल्या आज्या चोळायच्या, तेव्हाच्या नर्सेसनाही स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायला शिकवायचे. आता कळलंय की आतल्या दुखावलेल्या मांसाला चोळल्याने जास्त इजा होते. आजूबाजूची कोरडी कातडी मऊ राहावी म्हणून हलक्या हाताने खोबरेल लाव, डाग सोडून.

ओलावा हा दुसरा शत्रू. उन्हाळ्यात आपल्या हैदराबादेत बेडवरच्या रेक्झिनने पाठ नुसती पाझरते, त्यात डायपर. ओला डायपर ‘अजून भरला नाही’ म्हणून ठेवायचा नाही. संडास झाल्यावर तर एक मिनिटही नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापडाने टिपून कोरडं, मग झिंक ऑक्साइडचं किंवा साधं पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट. टाल्कम पावडर नको. घामाने तिचे गोळे होतात आणि जांघेत तेच टोचतात. अण्णा पाणी कमी पितायत का, तेही बघ. म्हातारी माणसं हे मुद्दाम करतात. ‘सारखी लघवी लागली की पोरीला उठावं लागतं,’ असं मनात म्हणून घोटभरच पितात. कुणाला सांगत नाहीत. त्याने कातडी सुकते, लघवीला संसर्ग होतो, डोकं भ्रमिष्ट होतं. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दर वळवण्याबरोबर अर्धा पेला, हा नियमच करून टाक.

खाण्याचं काय? भेटायला येणारे उस्मानिया बिस्किटांचे पुडे घेऊन येतात आणि अण्णा चहात बुडवून दोन खातात, झालं जेवण. त्याने कातडी टिकत नाही. ज्याला बेडसोरचा धोका आहे त्याला दर किलो वजनामागे रोज साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. अण्णांचं वजन ५० किलो धरलं तर साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच. म्हणजे बघ, साबुदाण्याच्या पेजेवर हे भागत नाही. घट्ट मुगाचं वरण, पेसरट्टू मऊ करून, दही, पनीर कुस्करून, दूध घालून रागी जावा, चालत असेल तर दोन अंडी. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. अण्णांची क्रिएटिनिनची तपासणी झालेली असेल, ती दाखवून दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांना विचार.

दुखतं म्हणून अण्णा वळू देणार नाहीत, हेही होईल. ‘झोपू दे गं मला’ म्हणतील आणि तुझा हात मागे येईल. दुखण्याच्या गोळीची किंवा इंजेक्शनची वेळ सिस्टरना विचार आणि मोठं वळवणं त्यानंतर अर्ध्या तासाने ठेव. मधल्या वेळी नुसती उशी थोडी काढायची, थोडी सरकवायची, एवढं चालतं. अगदी लहान हालचालीनेही दाबाची जागा बदलते.

सिस्टरना आणखी एक विचारायचं: ब्रेडन स्कोअर किती आहे? १९८७ पासून बेडसोरच्या धोक्याची ही मोजणी चालत आलीय. जाणीव, ओलावा, चालणं-फिरणं, बेडवर हलणं, खाणं आणि घासणं, अशा सहा गोष्टींना गुण देतात, एकूण ६ ते २३. अठरा किंवा त्याखाली म्हणजे धोका. एनएबीएचचं मानांकन असलेल्या दवाखान्यांना भरतीनंतर किती पेशंटना बेडसोर झाले याची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना नवा नाही. भांडणाच्या सुरात विचारू नकोस. एका सिस्टरवर रात्री किती बेड असतात, हे मी भोगलंय. ‘आम्ही वळवू, तुम्ही फक्त एकदा दाखवा आणि चार्टवर मांडा’ म्हटलंस की ती तुझ्या बाजूची होते.

बेडच्या उशाला एक कागद चिकटव. वेळ, कुठली कूस, कुणी वळवलं, एवढंच. आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, सर्जननी परवानगी दिली असेल त्याप्रमाणे. अटेंडंट पास एकालाच मिळतो, म्हणून रात्र तूच काढायचीस असं कुणी ठरवलं? दिराला एक रात्र, नवऱ्याला एक, आणि शनिवारची मला. माझं निवृत्तीनंतरचं वय बघू नकोस, रात्र जागायची सवय अजून मोडलेली नाही. तू न झोपता तिसऱ्या रात्री वळवायला गेलीस तर अण्णांना ओढशील आणि स्वतःची कंबर धरून बसशील.

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं, फाइल यांच्या गडबडीत एक काम विसरू नकोस. अण्णांना कपडे घालायच्या आधी सिस्टरसोबत सगळी पाठ, खुबे आणि दोन्ही टाचा बघून घे आणि जे असेल ते डिस्चार्ज समरीत लिहायला सांग. डाग असेल तर ड्रेसिंग कुठलं, किती दिवसांनी बदलायचं, हे लिहून घे. घरी हळद, तूप, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही जखमेवर लावायचं नाही. ताप आला, जखमेला वास यायला लागला, कडा पसरल्या किंवा अण्णा असंबद्ध बोलायला लागले, तर थांबू नकोस, परत ने. एअर बेड आदल्या दिवशीच घरी लावून ठेव, आणि वीज गेली तर पंप कशावर चालणार ते आधी बघ. पंप बंद पडला की ती गादी सपाट होते, म्हणून तिच्याखाली घरची फोमची गादी तशीच राहू दे.